चालल्याने पोट सुटतं म्हणे!

‘चालणं आजच थांबवा!’ अशा मथळ्याचा एक मेसेज सध्या सोसायटीचे, भिशीचे, ज्येष्ठ नागरिकांचे ग्रुप फिरत फिरत सगळ्या नाशिकभर पोचलाय. असल्या मेसेजना उत्तरं देत बसायची मला हौस नाही. पण तो माझ्या आत्याकडे गेला, आणि तिने कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर जाणं बंद केलं. आत्याला बरीच वर्षं मधुमेह आहे. चालणं सुटलं, गोळ्या त्याच राहिल्या, आणि जेवणानंतरचा साखरेचा आकडा चढायला लागला. मी ओरडले तर मलाच ऐकवते, "अगं, त्यात शास्त्रीय कारणं दिलीयेत!"

तर ती शास्त्रीय कारणं अशी. चालणं, धावणं, सायकल म्हणजे कार्डिओ. त्याने चरबी नाही, स्नायू जळतात, म्हणून चालणं सोडा आणि फक्त वजनं उचला. कॉर्टिसोल नावाचं हार्मोन वाढतं आणि पोट सुटतं. पहिली तीस मिनिटं चरबीला हातच लागत नाही. गुडघे झिजतात. पुरावा म्हणून मॅरेथॉनवाले बघा, कसे काडीसारखे वाळलेले असतात. खरी चरबी घामातून जाते, म्हणून पोटाला सर्दीचा बाम चोळून वर स्वयंपाकघरातलं प्लास्टिक गुंडाळा. आणि चालायचंच असेल तर पहाटे, रिकाम्या पोटी. शेवटी पावडरच्या डब्याचा फोटो आणि ऑर्डरसाठी नंबर. तो नंबर बघूनच खरं तर विषय संपायला हवा होता.

चालल्याने पोट सुटतं आणि मॅरेथॉनवाले काडीसारखे असतात, ही दोन वाक्यं एकाच मेसेजमध्ये, चार ओळींच्या अंतराने आहेत. लिहिणाऱ्याने स्वतःचं लिखाण परत वाचलेलं दिसत नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये ब्राँझ मिळवलं. इतकं अंतर पळूनही तिचं पोट सुटलेलं कुणी पाहिलंय?

आता बाम आणि प्लास्टिक. चरबी घाम होऊन बाहेर येत नाही. शरीर ती ऑक्सिजनच्या मदतीने जाळतं, आणि तिचा बहुतेक भाग कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे जातो. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये 2014 साली याचा साधा हिशेब छापून आला होता: दहा किलो चरबी जळली, तर 8.4 किलो फुप्फुसांतून बाहेर पडते, उरलेल्या 1.6 किलोचं पाणी होतं. घाम येतो तो अंग थंड ठेवायला. प्लास्टिक गुंडाळलं की तो वाळत नाही, अंग तापत राहतं आणि आणखी घाम येतो. काट्यावर अर्धा-पाऊण किलो कमी दिसतं ते पाणी, दोन तांबे प्यायलात की परत जागेवर. मे महिन्यात नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा रक्तदाबाची, लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्या माणसाने हा प्रयोग केला तर चक्कर येऊन पडायची वेळ येईल. आत्याच्या भिशीतल्या एकीने केला म्हणे. पोटावर पुरळ आलं, चरबी जागच्या जागी.

पण मेसेजचा खरा विषारी दात वेगळा आहे: चालल्याने स्नायू जातात आणि पोट सुटतं. आत्याने चालणं सोडलं ते यावर विश्वास ठेवून. म्हणून इथे जरा थांबते.

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाने नेमक्या याच प्रश्नावर मोठी चाचणी घेतली. व्यायाम न करणारे, वजन जास्त असलेले स्त्री-पुरुष घेतले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट पाडले. एका गटाला फक्त कार्डिओ: ट्रेडमिल, सायकल वगैरे, आठवड्याला सुमारे 19 किलोमीटर चालण्या-पळण्याइतकं. दुसऱ्याला फक्त वजनं उचलणं, आठवड्यातून तीनदा. तिसऱ्याला दोन्ही. खाणं कमी करायला कुणालाच सांगितलं नव्हतं. आठ महिने हे चाललं, 119 जणांनी ते पूर्ण केलं, आणि 2012 साली जर्नल ऑफ अप्लाइड फिजिऑलॉजीमध्ये निष्कर्ष आले. कार्डिओवाल्यांची चरबी सरासरी 1.66 किलो उतरली. फक्त वजनं उचलणाऱ्यांची 0.26 किलो, म्हणजे जवळपास नाहीच. दोन्ही करणाऱ्यांची 2.44 किलो. आणि ते ‘जळलेले’ स्नायू? कार्डिओ गटात चरबी सोडून उरलेलं वजन आठ महिन्यांत सरासरी शंभर ग्रॅमने कमी झालं. शंभर ग्रॅम! यावरून म्हणे चालणं सोडा.

राहिला पोटाचा प्रश्न. याच संशोधकांनी पोटाचे सीटी स्कॅनही काढले होते, त्याचे निष्कर्ष 2011 मध्येच छापले गेले. आतड्यांभोवती आणि यकृतात साठणारी चरबी, म्हणजे मधुमेहाच्या दृष्टीने सगळ्यात वाईट चरबी, कार्डिओने घटली. नुसत्या वजनं उचलण्याने ती लक्षणीय घटली नाही. मेसेज जे सांगतो त्याच्या बरोबर उलटं.

कॉर्टिसोल हा शब्द मात्र त्यांनी हवेतून काढलेला नाही, हे मान्य. कुशिंग नावाच्या आजारात ते सतत वाढलेलं राहतं, आणि त्या रोग्यांचं पोट खरंच सुटतं. खूप दमछाक करणाऱ्या व्यायामातही ते वाढतं, पण काही तासांत उतरतं. आजारात महिनोन् महिने चढलेलं हार्मोन आणि धावताना तेवढ्यापुरतं वाढलेलं हार्मोन यांना एकाच मापाने मोजायचं, आणि मग ते माप ट्रॅकवर संध्याकाळी चालणाऱ्या साठीच्या बाईला लावायचं, याला काय म्हणावं?

मधुमेही माणसाला तर चालणं हे चरबीच्या आधी साखरेसाठी हवं. चालताना पायांचे स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतात. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललं तरी नंतरचा चढ कमी होतो. आत्या, तुझ्या मीटरवर आकडा का चढला याचं उत्तर एवढंच आहे.

तीस मिनिटांचं एका दमात उरकते. चरबी शरीर चोवीस तास वापरत असतं, झोपेतसुद्धा. चालायला लागल्यापासून साखर आणि चरबी दोन्ही जळतात, वेळ जाईल तसा चरबीचा वाटा हळूहळू वाढतो. तिसाव्या मिनिटाला कुठलंही बटण दाबलं जात नाही. आणि शेवटी चरबी घटते की नाही हे दिवसभराच्या हिशेबावर ठरतं, त्या अर्ध्या तासावर नाही.

गुडघे: हौसेने धावणाऱ्यांमध्ये गुडघा आणि खुब्याची झीज बसून राहणाऱ्यांपेक्षा कमी आढळली आहे. 2017 च्या एका मोठ्या आढाव्यात हे प्रमाण 3.5 टक्के आणि 10.2 टक्के होतं. स्पर्धेसाठी पळणाऱ्यांत मात्र ते 13.3 टक्के होतं, तेही सांगते. ज्याचा गुडघा आधीच सुजलाय त्याने पांडवलेणीच्या पायऱ्या धावत चढू नयेत, हे सांगायला मेसेज लागत नाही.

आता जे नाइलाजाने मान्य करायचं ते. नुसत्या चालण्याने वजन फारसं उतरत नाही, हे खरं आहे. वर दिलेले आकडेच बघा, आठ महिन्यांत दीड-पावणेदोन किलो. साठ किलोच्या बाईने तासभर बऱ्यापैकी वेगाने चाललं, तर बसून राहण्यापेक्षा साधारण दीडशे कॅलरी जास्त खर्च होतात. एक किलो चरबी म्हणजे सुमारे 7700 कॅलरी. रोज चालून, खाण्यात काहीही न वाढवता, किलोभर उतरायला दीड-दोन महिने. आणि खाण्यात काही न वाढवणं नाशिकमध्ये किती जणांना जमतं? रविवारी सकाळी पाच किलोमीटर चालून आलेला ग्रुप जातो कुठे, तर मिसळीवर. तर्री, जादा पाव, वर जिलबी. खर्च केलेल्या कॅलरी टेबलावरून उठायच्या आत परत आलेल्या असतात, वर व्याजही. त्याचा दोष चालण्याला कसा देणार?

आणि वजनं उचलण्याबद्दल मेसेजमध्ये जे आहे त्यातलं अर्धं बरोबर आहे. वयानुसार स्नायू घटतात, कमी खाऊन वजन उतरवलं तर आणखी घटतात, आणि ते टिकवायचे तर ताकदीचा व्यायाम हवाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या शिफारशींतही दोन्ही आहे: आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम कार्डिओ, शिवाय दोन दिवस ताकदीचे व्यायाम. खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला हात लावून जोर काढणं, यापासून सुरुवात करता येते. पावडरचा डबा लागत नाही. मात्र ‘मध्यम’ म्हणजे बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये एवढी धाप. ट्रॅकवर चौघीजणी आडव्या ओळीत, सुनांचे विषय काढत जातात, ते ड्यूकच्या गटात बसणारं नाही. तरी घरी बसण्यापेक्षा कितीतरी चांगलं.

उरला रिकाम्या पोटाचा सल्ला. तो सगळ्यात साधा वाटतो, आणि आत्याच्या बाबतीत सगळ्यात धोक्याचा आहे. चालताना चरबीचा वाटा रिकाम्या पोटी थोडा वाढतो, हे खरं. पण दिवसभराचं खाणं तेच असेल तर शेवटी चरबी जास्त घटते असं दिसलेलं नाही. आत्याच्या गोळीत मात्र ग्लिमेपिराइड आहे, म्हणजे शरीराला जास्त इन्सुलिन सोडायला लावणारं औषध. अशी गोळी किंवा इन्सुलिन घेणारा माणूस काही न खाता तासभर चालला तर साखर एकदम खाली येऊ शकते: हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि दरदरून घाम फुटतो. मेसेजच्या मते हाच घाम म्हणजे चरबी वितळायला लागली, चालत राहा. असा घाम आला तर जागच्या जागी थांब, आत्या, आणि तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून पी. पंधरा मिनिटांनी मीटर लाव. ग्लुकोजची पुडी पिशवीत नाही, ट्रॅकपँटच्या खिशात ठेव. आणि गोळीची वेळ कधी, चालायची कधी, हे तुझ्या डॉक्टरांना विचार. भिशीच्या ग्रुपला नको.