बँडपार्टी सोडा, अल्बम काढा

भाऊ, तुमचा गळा वरातीत वाया चाललाय हे आतापर्यंत कोणीतरी सांगितलंच असेल. नसेल तर मी सांगतो. बँडपार्टी सोडा आणि एकट्याचा अल्बम काढा.

सोडायची वेळ मात्र नीट निवडा. मृग लागला, पेरण्या सुरू झाल्या, लग्नं संपली की कोणीही सोडतो. त्याला कोण विचारतं? ऐन वैशाखात सोडा, मास्तरांनी गावोगावचा इसार घेऊन ठेवल्यावर. मास्तर म्हणतील, "अबे, येवढी लग्नं तं काढून दे!" तुम्ही म्हणा, "कलाकाराले बांधून ठेवता येत नाही जी." मागच्या साली घेतलेली उचल परत करायचा विषय काढू नका. निरोपाच्या वेळी पैशाचं बोलणं बरं दिसत नाही.

आता गाणी. इथे तुमचा हात धरणारा कोणी नाही. मारोतीच्या देवळापासून मांडवापर्यंत हाकेचं अंतर, वरातीला दोन तास लागतात, आणि तेवढ्यात तुम्ही भजन, कव्वाली, भीमगीत, कोळीगीत आणि नागीण एवढं सगळं काढलेलं असतं. माइकला गुंडाळलेला रुमाल, ढकलगाडीवर धडधडणारं जनरेटर, समोर दातात दहाची नोट धरून नाचणारा नवरदेवाचा मामा. तो म्हणेल तो राग. या तालमीत घडलेला गडी अष्टपैलू निघणारच. तेव्हा अल्बममध्येही काही सोडू नका. पहिलं गाणं तुकडोजी महाराजांच्या गुरुकुंज मोझरीची आठवण देणारं, खंजिरीवरचं. दुसरी गझल, सुरेश भट अमरावतीचे, म्हणजे गझल आपल्या पाण्यातच आहे असं मुलाखतीत सांगायला बरं. (मतला, म्हणजे गझलेचा पहिला शेर, जमला नाही तरी चालेल, 'इर्शाद' म्हणणारे दोघं बसवा.) तिसऱ्यात दंडार, म्हणजे पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीचं लोकनाट्य, चौथ्यात रॅप. रॅपमध्ये कापसाचा भाव घाला, पोट्टे शेअर करतात. पुण्या-मुंबईत याला फ्यूजन म्हणतील. गावात म्हणतील, "याचं काहीच धड नाही."

स्वतः लिहायचा कंटाळा असेल तर जुनी गाजलेली गाणी गा, असं तालुक्याला मोबाइल दुकानाच्या माडीवर स्टुडिओ चालवणारा सांगेल. त्याचं ऐकाच. त्यानिमित्तानं कायद्याशी ओळख होईल. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ मोठं मायाळू आहे. धार्मिक विधीत कोणाचंही गाणं वाजवा, हक्कभंग होत नाही, आणि लग्नाची वरातसुद्धा त्यातच धरली आहे. इतकी वर्षं तुम्ही या कलमाच्या सावलीत नागीण गात होता आणि तुम्हाला वाटायचं, मास्तरांची वट आहे. अल्बम काढला की २०१२ च्या दुरुस्तीतलं कलम ३१ सी, दुसऱ्याचं गाणं पुन्हा गाऊन विकण्याबद्दलचं, तुमच्या वाट्याला येतं. मूळ ध्वनिमुद्रण झालं ते वर्ष संपल्यावर पाच वर्षं थांबा, मालकाला आधी कळवा, गाण्यात आपल्या मनानं फेरफार करू नका आणि एकेका गाण्यामागे वर्षाला किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी आगाऊ भरा. प्रती खपो न खपो. नागिणीत कव्वाली मिसळायची तुमची जी खास कला, तिची वासलात 'फेरफार करू नका' एवढ्यातच लागली.

नावाचं सोपं आहे. इंग्लंडच्या पीटर गॅब्रिएलनं १९७५ मध्ये जेनेसिस हा बँड सोडला, १९७७ मध्ये एकट्याचा पहिला अल्बम काढला आणि त्याला स्वतःचंच नाव दिलं. पुढच्या तिघांनाही तेच. तुम्हीही तसंच करा, फक्त पैसे कोणी दिले ते विसरू नका. मुखपृष्ठावर वर नेत्यांचे फोटो, मग 'मित्रपरिवार प्रस्तुत', मग सरपंच, उपसरपंच, खत-बियाण्यांचं दुकान. खाली उजवीकडे जागा उरली तर तुम्ही. गॉगल घालून.

विमोचन तान्ह्या पोळ्याला ठेवा. लाकडी नंदी ओढत आलेली पोरं आणि त्यांच्या मागे आया, गर्दी आयती मिळते. प्रमुख पाहुणे उशिरा येतील, स्वतःवरच बोलतील आणि तुमचं गाणं सुरू झालं की निघतील.

कमाईची चिंता नको. स्पॉटिफायवर २०२४ पासून वर्षभरात १००० वेळा ऐकलं न गेलेल्या गाण्याला छदाम मिळत नाही. यूट्यूबला जाहिरातीचे पैसे हवेत तर १००० सबस्क्रायबर आणि वर्षाला ४००० तास पाहणं लागतं. सासुरवाडीतले सगळे मोबाइल गोळा करा. साळा कुरकुरेल, बायको गप्प बसेल. ते जास्त वाईट.

तुळशीचं लग्न लागलं की मास्तरांची गाडी पुन्हा रस्त्यावर येईल. त्यांनी नवा पोट्टा ठेवलाय. गळा बेताचा, पण तुमचं रॅप त्याला पाठ आहे, आणि मामालोक त्याच्यावर नोटा उधळतात. हक्काचे पैसे मागायला जा. मास्तर खुर्ची देतील, चहा सांगतील, मागच्या सालच्या उचलीची वही काढतील आणि मग विचारतील, "ते कलम ५२ म्हनता, ते वरातीलेच हाय ना जी?"