पाळी जातानाची उदासी आणि ‘जन्मभराच्या गोळ्या’

बडोद्यात दांडिया बाजारापासून कारेलीबागेपर्यंत आपल्या बायकांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: पाळी जाताना उदास वाटणारच, ते आपोआप जातं, डॉक्टर देतात त्या डिप्रेशनच्या गोळ्या झोपेच्याच असतात, एकदा लागल्या की जन्मभर सुटत नाहीत, त्यापेक्षा अश्वगंधा घ्या, मन कामात गुंतवा. मी रावपुऱ्यात औषधाच्या दुकानात काउंटरवर असते. हा मेसेज वाचून बायका चालू औषध मध्येच सोडताहेत, म्हणून लिहिते.

पाळी जाणं नैसर्गिकच आहे. गरम वाफा, चिडचिड, अर्धवट झोप यातून बहुतेकजणी जातात. पण दोन आठवड्यांहून जास्त रोज मन उदास, कशातच रस नाही, जगणं नकोसं, हा आजार आहे. पाळी अनियमित होते त्या वर्षांत नैराश्याचा धोका वाढतो. आधी ते येऊन गेलं असेल तर आणखीच. जिला सकाळी कुकर लावायलाही उठवत नाही, तिला ‘कामात मन गुंतव’ काय सांगायचं?

आता झोपेच्या गोळ्यांचं. एसिटालोप्राम, सर्ट्रालिन या डिप्रेशनच्या गोळ्या, झोपेच्या नव्हेत. सवय लागते ती क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम या झोप आणणाऱ्या, घबराट कमी करणाऱ्या गोळ्यांची. आपल्याकडे एसिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीतही मिळतं, घोटाळा तिथेच होतो. स्ट्रिपवरची नावं वाचा, यातली कुठली किती दिवस घ्यायची ते डॉक्टरांना विचारा.

मध्यंतरी एक काकू डिप्रेशनच्या गोळ्यांची स्ट्रिप परत करायला आल्या. तीन-चारच गोळ्या फोडलेल्या. “ताई, फरक तर नाहीच, उलट पोट ढवळतं.” सुरुवातीला मळमळ, डोकेदुखी होते आणि सहसा एक-दोन आठवड्यांत ओसरते. गुण यायला मात्र दोन ते चार आठवडे लागतात, पुरता यायला त्याहून जास्त. हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने औषध चालू ठेवतात, मग डोस हळूहळू उतरवतात. काहींना त्याला बरेच महिने लागतात, तेही लपवायचं कारण नाही. एकदम सोडलं तर चक्कर येते, डोक्यात वीज चमकल्यासारखं होतं. मेसेज वाचून गोळी टाकणारीला नेमकं हेच होतं आणि तिला वाटतं, बघा, सवय लागलीच!

अश्वगंधेनं थायरॉइडचं प्रमाण बदलू शकतं. थायरॉइडची गोळी चालू असेल तर विचारल्याशिवाय नको. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ आधी तपासून घ्या. काहीजणींना हार्मोनचे उपचार लागू पडतात, ते स्त्रीरोगतज्ज्ञ ठरवतील.

खरी जपायची गोष्ट मेसेजमध्ये नाहीच. स्तनाच्या कॅन्सरनंतर टॅमॉक्सिफेन हे औषध चालू असेल तर पॅरॉक्सेटिन, फ्लुऑक्सेटिन या डिप्रेशनच्या गोळ्या टाळतात, कारण त्यांनी टॅमॉक्सिफेनचा परिणाम घटू शकतो. मानसोपचारतज्ज्ञांना ते आधी सांगा.

सयाजी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. घराबाहेर पडवत नसेल तर १४४१६ वर टेलि-मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, फोन करा. फोन मोफत आहे, रात्री दोनलाही लागतो.