बेचाळीस इंची सांता

माझ्या पोटाचा घेर ४२ इंच आहे. ही गोष्ट गेली काही वर्षं मी, माझा पट्टा आणि डॉक्टर यांच्यातच होती. परवाच्या शनिवारपासून ती न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या अकरा मराठी पोरांना तोंडपाठ आहे.

गुन्हा एवढाच, की नाताळच्या सुट्टीत पोरांना बेसमेंटमध्ये जमवून ‘सांताक्लॉज काँकर्स द मार्शियन्स’ दाखवायची मला हौस आली. १९६४ चा सिनेमा. मंगळावरची मुलं पृथ्वीचा टीव्ही बघून उदास होतात, म्हणून तिथले मोठे लोक थेट सांतालाच पळवून नेतात. मंगळवासी म्हणजे तोंडाला हिरवा रंग फासलेली, डोक्यावर अँटेना लावलेली माणसं. ध्रुवावरचं पांढरं अस्वल म्हणजे आत माणूस आहे हे लपवायची तसदीही न घेतलेलं अस्वल. श्रेयनामावलीत ‘कॉस्च्यूम’चं स्पेलिंग चुकलंय, तेही खुद्द वेशभूषाकाराच्या पाटीवर! मी तिथं सिनेमा थांबवून बोट दाखवलं. कुणी हसलं नाही. एकानं फक्त वायफायचा पासवर्ड विचारला.

हा सिनेमा मला इथं शिकायला आलो तेव्हा रूममेटनं व्हीएचएसवर दाखवला होता. आठवणी त्याच्या बालपणीच्या, पण हळवा झालो मी. कारण ते अस्वल माझ्या ओळखीचं निघालं. मे महिन्याच्या सुट्टीतल्या बालनाट्यात आमचा राक्षस असाच यायचा, मनगटावर घड्याळ बांधून. ते घड्याळ आम्हाला दिसायचं. तरी आम्ही किंचाळायचो. घरी जाताना त्यात किती वाजले होते यावरून भांडायचोसुद्धा.

तर काका. मित्राचे वडील, सहा महिन्यांसाठी आलेले. ओझरच्या मिग विमानांच्या कारखान्यातून निवृत्त. काका कंटाळतील म्हणून मी आपला सांगायला गेलो, “काका, हा सिनेमा लाँग आयलंडवरच्या एका जुन्या विमानांच्या हँगरमध्ये शूट केलाय बरं का.”

तिथंच माती खाल्ली. हँगर म्हटल्यावर काकांनी चष्मा बदलला.

“घरातल्या घरात बोलायला अँटेना कशाला रे?”

“काका, मंगळ आहे.”

“हा रोबो पुठ्ठ्याचा आहे.”

“हो काका.”

“आणि हे लोक जेवणाच्या गोळ्या खातात म्हणतोस. मग त्या आळशी माणसाचं पोट कसं सुटलं?”

मी गप्प. पुढं यानात दुष्ट वोल्डार सांताला आणि दोन मुलांना एअरलॉकमध्ये कोंडतो आणि ते हवेच्या झरोक्यातून निसटतात. काका ताडकन उठले. “थांबव! एवढा मोठा माणूस डक्टमधून गेला कसा?”

“चिमणीतून जातो ना तो, सवय आहे,” मी म्हटलं. मला वाटलं, बरं सुचलं.

“मेजरिंग टेप आण.”

माणूस वडीलधारा, मी मुकाट्यानं आणली. काकांनी सोफ्यामागची हीटिंगची जाळी उचकटली. चार बाय दहा. “चाळीस चौरस इंच! लिहून घ्या रे.” अकरा पोरं, जी इतका वेळ सोफ्यावर लोळत होती, ती वह्या-पेन्सिली घेऊन धावली. “आता सांता हवा.” काकांनी खोलीभर नजर फिरवली. खोलीत तसे पाच बाप होते. नजर माझ्यावरच थांबली.

“शर्ट वर घे. श्वास सोड. सोड म्हटलं ना! पोट आत ओढून विमानं उडत नाहीत. बेचाळीस. म्हणजे व्यास साडेतेराच्या आसपास. क्षेत्रफळ काढा.”

माझ्याच मुलीनं काढलं. “वन फोर्टी, आजोबा!”

“म्हणजे साडेतीन पट. जाणार नाही.”

टाळ्या! माझी बायको सगळ्यात जोरात वाजवत होती.

गणित बरोबर होतं, मी नाही म्हणत नाही. पण साठ वर्षांपूर्वी कुणीतरी पुठ्ठा, हिरवा रंग आणि उसन्या हँगरवर अख्खा मंगळ उभा केला, त्याचं काहीच नाही? या पोरांना एकेका केसाला वारा लागलेला कॉम्प्युटरी सिंह दिसतो तेव्हा टेप कुणी मागत नाही. आमच्या राक्षसाची तपासणी करायला थिएटरात काका नव्हते, हे आमचं नशीब. असते तर त्यांनी आधी घड्याळ दुरुस्त करून दिलं असतं.

सिनेमा तिथंच राहिला. खेळणी घेऊन पोरं वोल्डारवर तुटून पडतात, तो माझा सगळ्यात आवडता भाग, कुणी बघितलाच नाही. उरलेली संध्याकाळ फ्रीज, कुत्रा आणि एका बापाचं डोकं मोजण्यात गेली. पुढच्या शनिवारी परत यायचं म्हणतायत सगळे. “सिनेमा नको, काका हवेत,” असा निरोप आहे.

टेप काकांच्या खिशातून गेली, ती अजून आलेली नाही.