एका क्लिकच्या सहीची किंमत

‘ऑनलाइन याचिकेवर सही करणे म्हणजे पाण्यावर रेघ ओढणे’ अशा अर्थाचा एक मजकूर व्हॉट्सॲपवर अधूनमधून फिरत असतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: या सह्या कोणी वाचत नाही, त्या खोट्याही करता येतात, त्यांत दम असता तर मुंबईतल्या आरे वसाहतीतली, मेट्रोच्या कारशेडसाठी तोडलेली झाडे वाचली असती, सही केलेला माणूस कर्तव्य संपले असे समजून घरी बसतो, आणि एवढे करून आपली माहिती मात्र कंपन्यांच्या हाती जाते. यांतला शेवटचा मुद्दा मला बराचसा मान्य आहे, बाकीचे मात्र तपासून पाहायला हवेत.

सह्या कोणी वाचत नाही, हे सरसकट खरे नाही. मार्च २०१५ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, इंटरनेटवरील सेवांच्या नियमनाबाबत ११८ पानांचा मसुदा चर्चेसाठी प्रसिद्ध केला आणि त्यात २० प्रश्न विचारले. एवढी पाने वाचून उत्तरे लिहिणे सामान्य माणसाच्या आवाक्यातले नव्हते, म्हणून काही स्वयंसेवकांनी ‘सेव्ह द इंटरनेट’ या संकेतस्थळावर उत्तरांचा नमुना तयार करून ठेवला. तो वाचायचा, पटेल तसा बदलायचा आणि ईमेलने थेट ट्रायकडे धाडायचा. असे १० लाखांहून अधिक ईमेल गेले. ते केराच्या टोपलीत गेले नाहीत. उलट ट्रायने ते प्रेषकांच्या ईमेल-पत्त्यांसह जाहीर करून टाकले, ज्यामुळे अनेकांवर कपाळाला हात लावायची वेळ आली. ग्राहकाच्या डेटाचा खर्च कंपनीने भरायचा आणि तिचे ॲप त्याला फुकट वापरू द्यायचे, अशी ‘एअरटेल झिरो’ योजना होती; या गदारोळात त्याच एप्रिलमध्ये फ्लिपकार्टने तिच्यातून अंग काढून घेतले.

सह्या खोट्या किंवा उसन्या असू शकतात, या दुसऱ्या आक्षेपाचे उत्तरही याच प्रकरणाच्या उत्तरार्धात सापडते. डिसेंबर २०१५ मध्ये ट्रायने निरनिराळ्या संकेतस्थळांसाठी डेटाचे निरनिराळे दर आकारू द्यावेत का, याविषयी नवा मसुदा काढला. या वेळी प्रश्न चारच होते. फेसबुकने निवडक संकेतस्थळे फुकट दाखवणाऱ्या आपल्या ‘फ्री बेसिक्स’ योजनेसाठी वापरकर्त्यांसमोर तयार मजकूर ठेवला आणि एका क्लिकसरशी १८ लाखांहून अधिक पाठिंब्याची पत्रे ट्रायकडे जमा झाली. अडचण एवढीच होती की त्या पत्रांत विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे नव्हती. ट्रायने ती उत्तरे मागितली, मोहिमेच्या पद्धतीवर कडक शब्दांत ताशेरे ओढले आणि ८ फेब्रुवारी २०१६ रोजी अशा भेदभावी दरांवर बंदी घातली. म्हणजे जेथे वाचणारा जागा असतो, तेथे नुसत्या आकड्याचा ढीग आपोआप गळून पडतो. आपल्याकडे हे भान जुने आहे. १८७० मध्ये पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली, तेव्हा सभासद होऊ इच्छिणाऱ्याला किमान ५० जणांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. सही कोणाची आणि कशासाठी, हे त्या कागदावरून कळत असे.

आता आरे. झाडे तोडण्याचा प्रस्ताव आला की वृक्ष प्राधिकरणाने हरकती-सूचना मागवणे कायद्याने आवश्यक असते. आरेच्या वेळी हजारो हरकती नोंदवल्या गेल्या, तरीही प्रस्ताव मंजूर झाला. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालू झाल्या. दोन हजारांहून अधिक झाडे पडली. कारशेड आज आरेमध्येच उभी आहे, हे मान्य करावेच लागेल. मात्र ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली ती कायद्याच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना पाठवलेल्या पत्राची दखल घेऊन, फक्त तोवर उशीर झाला होता. या घटनेवरून ‘अर्ज निरुपयोगी असतात’ असा निष्कर्ष काढणारा माणूस तिचा निम्माच भाग सांगतो. एकाच अर्जाने चक्रे फिरल्याचे आणखी एक उदाहरण म्हणजे माजी सैनिकांची ‘समान पद, समान निवृत्तिवेतन’ ही मागणी. तिच्या अर्जावर राज्यसभेच्या याचिका समितीने डिसेंबर २०११ मध्ये अनुकूल शिफारस केली. समितीचे अध्यक्ष होते भगतसिंह कोश्यारी, जे पुढे आपल्याकडे राज्यपाल म्हणून आले. योजनेचा आदेश निघायला मात्र २०१५ साल उजाडले, आणि त्यासाठी माजी सैनिकांना जंतरमंतरवर ठाण मांडावे लागले.

सही करणारा घरी बसतो, या चौथ्या मुद्द्यावर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. जंतरमंतरवर बसलेल्या माजी सैनिकांची मागणी आधी अर्जातूनच मांडली गेली होती, आणि आरेच्या रस्त्यावर उतरलेल्यांतही आधी हरकत नोंदवलेली मंडळी होतीच. जो मुळात कधीच कोठे गेला नसता, तो एक सही करून गेला तर नुकसान कोणाचे झाले?

राहिला माहितीचा मुद्दा, आणि तेथे मजकूर लिहिणाऱ्याची बाजू भक्कम आहे. अशा एका संकेतस्थळावर मी सही केली, तेव्हा आभाराच्या जागी पहिल्यांदा पैशांची मागणी आली: याचिका आणखी लोकांपर्यंत पोहोचवायची तर इतके रुपये द्या. मी दिले नाहीत. त्यानंतर कित्येक महिने माझा ईमेल भलत्याच विषयांवरच्या याचिकांनी भरत राहिला, आणि मूळ याचिका कोणत्या कार्यालयात पोहोचली, पोहोचली की नाही, हे मला एकाही ईमेलने सांगितले नाही. तेव्हापासून मी सही करण्यापूर्वी याचिकेच्या वर ‘प्रति’ म्हणून कोणाचे नाव आहे आणि त्या माणसाकडे तो निर्णय घेण्याचा अधिकार आहे का, एवढे पाहतो. शिवाय त्यासाठी एक वेगळा ईमेल-पत्ताही काढून ठेवला आहे.