पवनाकाठी सहकुटुंब, सहस्पीकर

हिवाळा सुरू झाला, पुण्यात पारा दहा अंशांच्या आसपास घुटमळू लागला आणि मुलांची नाताळची सुट्टी जवळ आली, की सुजाण कुटुंबप्रमुखाने पवना धरणाच्या काठी आलिशान तंबूत एक रात्र काढण्याचा बेत आखावा. हे पुण्यकर्म आम्ही नुकतेच सहकुटुंब पार पाडून आलो असल्यामुळे इच्छुकांना चार अनुभवाचे बोल सांगण्याचा अधिकार आम्हांला प्राप्त झाला आहे. रक्तदाब अद्याप पूर्वपदावर आलेला नसल्याने कुठे भाषेचा तोल ढळला, तर वाचकांनी उदार मनाने घ्यावे.

तंबूची निवड नेहमी छायाचित्रावरून करावी. छायाचित्रात पांढराशुभ्र घुमट असतो, समोर निळे पाणी असते, पलीकडे तुंगचा सुळका असतो आणि आसपास चिटपाखरूही नसते. प्रत्यक्षात त्या तंबूच्या दोन्ही अंगांना इतके तंबू दाटलेले असतात, की एकाची दोरी दुसऱ्याच्या खुंटीत अडकते आणि रात्री शेजारचे गृहस्थ कुशीवर वळले, की आपल्या भिंतीला पोक येतो. छायाचित्र खोटे नसते, ते फक्त मंगळवारी दुपारी काढलेले असते. ‘लेकसाइड’ आणि ‘लेकव्ह्यू’ यांत फरक काय, असले कोते प्रश्न टोकन भरण्यापूर्वी विचारू नयेत. टोकन भरल्यावर विचारून उपयोग नसतो, म्हणून तेव्हाही विचारू नयेत. ‘फक्त फॅमिली’ असे लिहिलेले असल्यास निर्धास्त असावे, कारण शनिवारी संध्याकाळी तीन गाड्या भरून आलेली मित्रांची टोळीही कुणाच्या ना कुणाच्या फॅमिलीतलीच असते.

मुंबईकरांनी शनिवारी सकाळी एकाच वेळी निघावे, म्हणजे बोरघाटात सगळ्यांची भेट होते.

‘आलिशान’ या शब्दाबद्दल शंका घेऊ नये. तंबूत पलंग असतो, पायाखाली हिरवे प्लास्टिकचे गवत असते आणि मोबाइल चार्ज करण्यासाठी एक एक्स्टेंशन बोर्ड असतो, ज्यावर चौघांची निष्ठा पणाला लागते. कापड एकेरी असल्याने झोपलेल्यांच्या श्वासातली वाफ रात्रभर गार छतावर जमते आणि पहाटे थेंबाथेंबाने नेमकी कपाळावर परत मिळते. बाथरूम सामाईक असते आणि गरम पाणी सकाळी सात ते सात वाजून दहा मिनिटे येते. बार्बेक्यू मात्र अमर्याद असतो, फक्त त्याच्या मर्यादा माणशी चार तुकडे अशा ठरवलेल्या असतात.

सहलीत थोडी निसर्गभ्रमंती असावी, असे मुलांच्या शाळेचे मत असते, म्हणून तिचाही विचार केलेला बरा. पवनेच्या जलाशयाभोवती लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना असे चार किल्ले उभे आहेत. हिवाळ्यात ऊन कोवळे असते, वाटा कोरड्या असतात आणि माथ्यावरून दूरवरचे दिसते, म्हणजे गड चढण्यासाठी याहून चांगला काळ नाही. म्हणूनच या काळात गड चढणे कटाक्षाने टाळावे. पुरंदरच्या तहात १६६५ साली मोगलांना द्यावा लागलेला लोहगड महाराजांनी १६७० साली परत घेतला आणि २०२५ साली तो युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, ही माहिती मुलांना मोबाइलवर मिळते; तेवढ्यासाठी गडावरच्या विंचूकाटा माचीच्या टोकापर्यंत पायपीट कशाला करायची? जवळच्या बेडसे लेण्यांतल्या चैत्यगृहासमोरच्या खांबांवर हत्ती, घोडे आणि बैलांवर स्वार झालेली दगडी युगुले दोन हजार वर्षे बसून आहेत, तेव्हा ती पुढच्या वर्षीही तिथेच असतील. आपण तंबूसमोरच्या खुर्चीत बसून, तुंगकडे पाठ करून, चेहरा मध्यभागी येईल अशा बेताने फोटो काढावा. मुलाने ‘बाबा, मागे तो डोंगर कोणता?’ असे विचारल्यास ‘तो व्ह्यू आहे’ असे उत्तर द्यावे. आमच्या घरच्या मंडळींनी हे न ऐकता तिकोना चढण्याचा हट्ट धरला. बालेकिल्ल्याच्या त्या गुडघ्याएवढ्या उंच पायऱ्यांवर आम्ही धापा टाकत असताना, पाठीवरच्या पिशवीतून गाणी वाजवणारा एक गट आम्हांला ओलांडून वर गेला. खाली उतरण्याची घाई करावी लागल्यामुळे आमचा वेळ वाचला, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत.

थंडी वाजल्यास शेकोटीतले निखारे घमेल्यात भरून तंबूत नेऊ नयेत. इथे उपरोध करवत नाही, म्हणून सरळच सांगतो. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो जागे होण्याची संधी देत नाही. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामन इथे एका रिसॉर्टच्या बंद खोलीत गॅस हीटर लावून झोपलेले केरळचे आठ पर्यटक दगावले आणि त्यांत चार लहान मुले होती. त्या रात्री समोरच्या तंबूत घमेले आत जाताना मी स्वतः पाहिले आणि ते बाहेर काढायला लावले, तर ‘काका टेन्शन फार घेतात’ असा शेरा मिळाला.

आकाशदर्शनाचा मोह आवरावा. डिसेंबरात संध्याकाळ सरली, की पूर्वेला मृग नक्षत्र वर येते, पाठोपाठ व्याध येतो, कृत्तिका आणि रोहिणी डोक्यावर सरकू लागतात आणि १३-१४ डिसेंबरच्या सुमारास मिथुन राशीतून उल्का पडतात. यांपैकी काहीही दिसू नये, म्हणून तंबूवाल्याने झाडापासून संडासापर्यंत रंगीत दिव्यांच्या माळा ओढलेल्या असतात. पैसे वसूल व्हायचे असतील, तर त्या माळांकडेच बघावे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. आपले संगीत आपण घरूनच आणावे. डिकीत सामानाऐवजी मावेल एवढा, चाकांचा, पोटात जांभळे-हिरवे दिवे लुकलुकणारा स्पीकर हवा. तंबूवाल्याचा गिटारवाला दहापर्यंत गातोच, पण त्याच्या भरवशावर राहू नये. तो दमतो, आपला स्पीकर दमत नाही. शिवाय प्रत्येक तंबूची आवड वेगळी असते, तेव्हा प्रत्येकाने आपापले गाणे एकाच वेळी लावणे हेच लोकशाहीला धरून होईल. विज्ञानही आपल्या बाजूचे आहे. हिवाळ्याच्या निरभ्र रात्री डोंगरांवरची गार हवा उतरून खोऱ्याच्या तळाशी साचते, तिच्यावर उबदार हवेचा थर राहतो आणि वर जाणारा आवाज तिथे विरून न जाता पुन्हा खाली वळतो. पाण्याच्या सपाट पृष्ठभागावर त्याला अडवायला झाड नसते, की भिंत नसते. त्यामुळे आपण या काठावर वाजवलेला ढोल त्या काठावरच्या वाडीत, तिथल्या माणसांनी कोणतेही शुल्क न भरता, अगदी दाराशी वाजल्यासारखा पोहोचतो. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक लावता येत नाही, असा देशभर लागू असलेला नियम २००० सालापासून आहे आणि निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, पण हे बहुधा शहरातल्या लोकांसाठी असावे. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातून १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. उरलेल्या शनिवारांची सूट आपल्याला कुणी दिली, हे मात्र कुणी विचारू नये.

आमच्या रात्रीचेच सांगतो. एका बाजूला लग्नाच्या वरातीची गाणी, दुसऱ्या बाजूला पंजाबी, मागच्या रांगेत कुणाचा तरी वाढदिवस आणि या सगळ्यांच्या तळाशी पलीकडच्या काठावरून येणारा धप्प धप्प असा नुसता ठोका, ज्याला गाणे नव्हते, फक्त छातीत बसणारा धक्का होता. त्या ठोक्याबरोबर पलंगाशेजारी ठेवलेल्या स्टीलच्या भांड्यातले पाणी थरथरत होते. सासूबाई खास कोल्हापूरहून नातवंडांसोबत ‘जरा मोकळ्या हवेत’ राहायला आल्या होत्या. कानटोपीवर शाल, शालीवर ब्लँकेट असे तीन थर घेऊन त्या अंधारात बसून राहिल्या आणि अखेर म्हणाल्या, “जावईबापू, ही माणसं दमत कशी नाहीत हो?” मध्यरात्र उलटल्यावर मी स्वेटर चढवून शेजारी गेलो. “काका, एकच रात्र आहे, एन्जॉय करू द्या ना,” असे म्हणून माझ्या निम्म्या वयाच्या तरुणाने अत्यंत आदराने आवाज कमी केला आणि मी तंबूत पोहोचायच्या आत तो पुन्हा वाढवला. तंबूवाल्याला उठवले, तर तो म्हणाला, “साहेब, मी बंद करायला लावलं, तर पुढच्या शनिवारी ही गिऱ्हाइकं शेजारच्याकडे जातील.” त्याचे म्हणणे खरे होते आणि म्हणूनच संताप अधिक आला.

एकच रात्र आहे म्हणे! तुमची एकच आहे, वाडीतल्या माणसांची दर आठवड्याची आहे. तुम्ही दर शनिवारी बदलता, ऐकणारे बदलत नाहीत. त्या घरांत पहाटे उठून धार काढायची असते, बाळंतिणी असतात, दहावीच्या सराव परीक्षेला बसलेली मुले असतात आणि नेमक्या याच तीन महिन्यांत त्यांना रात्री उशिरापर्यंत पुस्तक घेऊन बसायचे असते. धरणात जमिनी गेलेली ही कुटुंबे आहेत. त्यांतली काही आज तुमच्यासाठी पोहे करतात आणि तंबू झाडतात, ते पोटासाठी. याचा अर्थ त्यांनी झोप विकली असा होत नाही.

आणि तुम्हांला अंधार नको, थंडी नको, शांतता नको, डोंगर चढायला नको, तारे बघायला नको, तर मग आलात कशाला? एवढेच करायचे होते, तर स्वतःच्या सोसायटीच्या गच्चीवर तंबू ठोकायचा आणि तिथे पहाटे तीनपर्यंत हा स्पीकर लावायचा. पण ते तुम्ही करणार नाही. वरच्या मजल्यावर रात्री सव्वादहाला कुणी भिंतीत खिळा ठोकला, तर सोसायटीच्या ग्रुपवर नियमावलीचा फोटो टाकणारे तुम्हीच असता. तुम्हांला नियम माहीत आहेत. मोटार कामशेतला महामार्गावरून आत वळली, की ते आपल्याला लागू नाहीत, असे तुम्ही ठरवून टाकलेले असते. मुलांना निसर्ग दाखवायला आणता आणि मुले शेजारी उभी राहून बघतात काय, तर बाप झिंगून काळोखात पाण्यात उतरतोय आणि लाइफ जॅकेट खुर्चीवर पडले आहे. धरणाचे पाणी काठाशी संथ दिसते म्हणून उथळ नसते. तिथे गाळात पाय रुततो आणि दोन पावलांवर तळ सुटतो. दर मोसमात इथून प्रेते काढावी लागतात आणि ती काढायला गावातलीच पोरे आणि मावळातली बचाव पथके थंड पाण्यात उतरतात. त्यांची झोप तुम्ही आदल्या रात्री घालवलेली असते.

सकाळचे दृश्य तर विचारूच नका. काठावर थर्माकोलच्या ताटल्या, पाण्यात तरंगणारे केकचे खोके, चिप्सची पाकिटे, आणि एक गृहस्थ उभ्या उभ्या रिकाम्या बाटल्या पाण्यात किती लांब जातात, याची मुलासोबत स्पर्धा लावत होते. त्यांच्या गाडीवर एमएच १४ होते. अहो, हे पवनेचे पाणी नदीतून रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येते, तिथून उचलून निगडीला शुद्ध केले जाते आणि तुमच्याच पिंपरी-चिंचवडच्या नळांना सोडले जाते. धरणातून हे पाणी शहरासाठी बंद नळातून नेण्याला विरोध करायला मावळातले शेतकरी ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर उतरले, तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात तिघे जण गेले. ज्या पाण्यावरून तीन माणसे मेली, त्यात तुम्ही बाटल्या भिरकावता आणि मुलाला टाळ्या वाजवायला शिकवता. लाज कशी वाटत नाही?

‘त्यांचा सफाईवाला येतो,’ असे मला सांगू नका. सफाईवाला तंबूपुढचे झाडतो, तो धरणात बुडी मारत नाही. मार्च-एप्रिलात पाणी ओसरते, काठ उघडा पडतो आणि त्याच गाळात गावातली पोरे अनवाणी उतरतात, गुरे पाण्यावर येतात. तुमच्या बाटलीची काच तेव्हा सापडते आणि ती कुणाच्या तरी पायात सापडते. दहा वाजले, की स्पीकर बंद करा. जमत नसेल, तर तो घरी ठेवून या. बाटल्या मोजून आणल्या होत्या, तशा मोजून गाडीत भरा आणि परत घेऊन जा.