बेरजेने बुद्धी मोजू नका
पक्षाघातानंतर प्रत्येकाची आकलनचाचणी (स्मृती, लक्ष, भाषा अशा बौद्धिक क्षमतांची तपासणी) व्हावी, हे तुमच्या लेखातलं म्हणणं पटलं. पण कोणती चाचणी? वडिलांना मेंदूच्या डाव्या बाजूला झटका आला, वाचा गेली. ३० गुणांच्या ‘मोका’ (मॉन्ट्रियल कॉग्निटिव्ह असेसमेंट) या आकलनचाचणीत त्यांना ९ मिळाले आणि ‘आता बुद्धी राहिली नाही’ असं आम्हाला सांगण्यात आलं. अहो, ते पत्त्यांचा डाव बिनचूक खेळत होते! शब्द सापडत नव्हते, एवढंच. ‘मोका’त चित्रांची नावं सांगणं, वाक्य जसंच्या तसं म्हणणं, शब्द आठवणं, बरीचशी मदार बोलण्यावर. ‘ऑक्सफर्ड कॉग्निटिव्ह स्क्रीन’ ही चाचणी मात्र खास पक्षाघाताच्या रुग्णांसाठीच आहे. तीत भाषा, स्मृती, लक्ष, अंकज्ञान वेगवेगळं तपासतात, एकच बेरीज मांडत नाहीत. आणि पहिल्या आठवड्यातल्या गुणांवर थांबू नका, काही महिन्यांनी पुन्हा तपासून घ्या.