शाल-श्रीफळाशिवायचा सत्कार

सत्कार म्हटलं की मला आधी शाल, श्रीफळ आणि लांबलेलं अध्यक्षीय भाषण आठवतं. सत्कारमूर्ती मात्र बिचारे घड्याळाकडे बघत बसलेले!

नेदरलँड्समधल्या अपेलडोर्नला १९९५ साली वेगळंच घडलं. दुसऱ्या महायुद्धात कॅनेडियन सैनिकांनी जर्मन ताब्यातून देश सोडवायला मोठा हातभार लावला होता; त्या मुक्तीला पन्नास वर्षं झाली म्हणून हजारो कॅनेडियन माजी सैनिक तिथे आले. कितीतरी जण हॉटेलात न उतरता डच कुटुंबांकडेच राहिले. संचलन निघालं, तर लोक रस्त्यात घुसून त्या म्हाताऱ्यांना मिठ्या मारायला लागले. रांगा मोडल्या, संचलन काही संपेना.

एवढी माया कुठून आली? मला वाटतं, भुकेतून. सप्टेंबर १९४४ मध्ये जर्मनीविरुद्ध लढणाऱ्या दोस्त राष्ट्रांना मदत म्हणून डच रेल्वे कामगारांनी संप केला. जर्मनांनी सूड म्हणून पश्चिमेकडच्या शहरांची अन्नवाहतूक रोखली. पुढे कालवे गोठले, कोळसा संपला. त्या हिवाळ्यात लोकांनी ट्युलिपचे कंद उकडून खाल्ले, तरी सुमारे २०,००० माणसं गेली. एप्रिल १९४५ च्या अखेरीस, जर्मन ताबा असतानाच, दोस्तांच्या विमानांनी खाली येऊन अन्नाची पोती टाकली. हे ज्यांनी लहानपणी पाहिलं, त्यांना कृतज्ञता शिकवावी लागली नाही.

नवल पुढच्या पिढ्यांचं. नेदरलँड्समधल्याच होल्टनच्या कॅनेडियन दफनभूमीत जवळपास १,४०० कबरी आहेत. नाताळच्या आदल्या संध्याकाळी शाळकरी मुलं तिथे प्रत्येक कबरीपुढे मेणबत्ती लावतात. मारग्राटन या दुसऱ्या डच गावी अमेरिकन सैनिकांच्या ८,००० हून जास्त कबरी आहेत. त्यातली एकूण एक कबर कुणीतरी दत्तक घेतलेली आहे, आणि नवीन येणाऱ्यांसाठी प्रतीक्षायादी आहे. घरातली म्हातारी माणसं गेली की कबर मुलाबाळांकडे येते. आपण देवघरातले देव वाटून घेतो ना, तसंच काहीसं.

मारग्राटनच्या या कबरी १९४४ च्या पावसाचिखलात खणल्या त्या बहुतांशी कृष्णवर्णीय अमेरिकन सैनिकांनी. त्यांच्या स्वतःच्या सैन्यात तेव्हा वर्णभेद होता. रणांगणावर सहसा पाठवायचं नाही, पण मढी उचलायला पुढे करायचं, असा सगळा प्रकार. तिथल्या माहिती केंद्रात कृष्णवर्णीय सैनिकांबद्दलचे दोन फलक होते. २०२५ मध्ये ते हटवले गेले. वाचून संताप आला.

दफनभूमी सांभाळते अमेरिकेची सरकारी यंत्रणा, फलकही तिनेच काढले. आणि ते परत लावा म्हणून मागे लागले कोण, तर आसपासचे डच लोक.